जनावरांचं औषध आणि कोट्यवधी गिधाडांचा अंत : डायक्लोफेनॅक प्रकरणाचा अभ्यास

१९८० च्या दशकात भारतात गिधाडं इतकी होती की त्यांची नीट मोजदाद करावी असं कुणाला वाटलंच नाही. नंतर जे अंदाज बांधले गेले, त्यांत चार कोटींचा आकडा येतो. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड हा तर शिकारी पक्ष्यांच्या कुळातला जगातला सर्वांत विपुल मोठा पक्षी असावा, असं त्या काळात पक्षी-अभ्यासक लिहीत होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत याच जातीची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं गिधाड या तिच्या दोन भावंड-जाती. त्यांची मिळून घट सुमारे ९७ टक्के झाली.

ही गिधाडं कुणी मारली नव्हती. त्यांची जंगलं तुटली म्हणून किंवा अन्न संपलं म्हणून ती गेली असंही नाही. दुखणाऱ्या गाईम्हशींना आराम पडावा म्हणून दिलेल्या एका स्वस्त इंजेक्शनाने ती संपली. या साखळीत वाईट हेतू असलेला एकही माणूस सापडत नाही. शेतकऱ्याला जनावर वाचवायचं होतं, पशुवैद्य त्याच्या मदतीला आला होता, आणि औषध खरोखर गुणकारी होतं. म्हणूनच निसर्गावरच्या मानवी परिणामांची जी प्रकरणं मला ठाऊक आहेत, त्यांत हे सर्वांत बारकाईनं वाचण्यासारखं वाटतं.

आधीची व्यवस्था

भारतात गाय-म्हैसवर्गीय जनावरं प्रचंड आहेत. २०१९ च्या पशुगणनेत ती ३० कोटींवर भरली. त्यातली बरीच म्हातारी होऊन किंवा आजारानं मरतात. मेलेलं जनावर गावाबाहेर ठरलेल्या जागी टाकायचं, कातडं काढणाऱ्यांनी कातडं काढून न्यायचं, मांस गिधाडांनी संपवायचं आणि उरलेली कोरडी हाडं गोळा करणाऱ्यांनी उचलायची, अशी ही साखळी होती. पैसा न खर्चता, यंत्र न लावता चालणारी ती देशव्यापी सफाई होती. गिधाडांचा मोठा थवा एका गाईचं मांस तासाभराच्या आत साफ करतो. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू त्यात तगत नाहीत.

गिधाडाच्या दोन सवयी इथं नोंदवून ठेवायला हव्यात, कारण पुढचं सगळं गणित त्यांच्यावर उभं आहे. पहिली म्हणजे आपल्याकडची गिधाडं अन्न वासानं नाही, नजरेनं शोधतात, आणि आकाशात घिरट्या घालताना एकमेकांवरही लक्ष ठेवतात. एक खाली उतरलं की दूरवरची दुसरी उतरतात, त्यांना पाहून तिसरी. एका मृत जनावरावर म्हणता म्हणता डझनावारी पक्षी जमतात. दुसरी गोष्ट प्रजननाची. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षं लागतात. मोठी गिधाडं फारशी मरत नाहीत या भरवशावरच ही सगळी रचना टिकून होती.

शंका कुठं आली

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. दहा वर्षांनी ते पुन्हा तिथं काम करू लागले तेव्हा गिधाडांची घरटी झपाट्यानं कमी झालेली होती. झाडांवर आणि झाडांखाली मेलेले पक्षी होते. जिवंत असलेली काही मान खाली टाकून, सुस्त बसलेली दिसत. १९९९ मध्ये त्यांनी ही घट प्रसिद्ध केली. जुनी मोजणी हाताशी होती म्हणूनच नवी मोजणी बोलकी ठरली. नेहमी दिसणाऱ्या पक्ष्याची संख्या दरवर्षी टिपणारा एखादा माणूस असणं किती मोलाचं आहे, हे या प्रकरणात पहिल्याच पायरीवर कळतं.

सुरुवातीला संशय तीन दिशांना गेला. अन्न कमी पडलं असेल का? पण मेलेली जनावरं तर उघड्यावर पडून सडत होती, ती खायला कुणी नव्हतं. कीटकनाशकं? डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाल्याचा इतिहास होता. इथं मात्र पिल्लांच्या जोडीनं पूर्ण वाढलेले पक्षीही मरत होते आणि त्यांच्या शरीरातली कीटकनाशकांची पातळी मृत्यूला पुरेशी नव्हती. राहिला तिसरा संशय, अज्ञात विषाणूचा. तो सर्वांत पटण्यासारखा होता, कारण मृत्यू एखाद्या साथीसारखे पसरत होते. काही वर्षं शोधाचा मोठा भाग याच दिशेनं गेला.

उत्तर पाकिस्तानात सापडलं

पाकिस्तानच्या पंजाबातही हेच घडत होतं. तिथं पेरेग्रीन फंड या संस्थेच्या पुढाकारानं एक पथक काम करत होतं आणि त्यात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक-शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स होते. त्यांनी शवविच्छेदनं केली तेव्हा बहुतेक प्रौढ पक्ष्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. यकृत, हृदय, मूत्रपिंडं यांवर खडूसारखा पांढरा थर. पक्षी आपल्या शरीरातला नत्राचा टाकाऊ भाग यूरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंडं बंद पडली की ते ॲसिड रक्तात साठतं आणि अवयवांवर स्फटिकांच्या रूपात बसतं. म्हणजे मृत्यूचं तात्कालिक कारण स्पष्ट होतं, मूत्रपिंडं निकामी होणं. ती कशानं निकामी होत होती, हा प्रश्न उरला.

विषाणू सापडत नव्हता, जड धातू सापडत नव्हते, कीटकनाशकंही नाहीत. तेव्हा पथकानं प्रश्नच बदलला. गिधाडाचं जवळजवळ सगळं अन्न पाळीव जनावरांचं मांस आहे, तर त्या जनावरांच्या शरीरात काय जातं? पशुवैद्य आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी करून त्यांनी असं औषध शोधलं, जे मूत्रपिंडाला घातक असू शकतं, तोंडावाटे शोषलं जातं आणि नुकतंच सर्रास वापरात आलं आहे. एकच नाव पुढं आलं, डायक्लोफेनॅक. माणसं अंगदुखीवर घेतात तेच.

मग नमुने तपासले गेले. अवयवांवर पांढरा थर असलेल्या २५ गिधाडांपैकी सगळ्या २५ च्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक होतं. थर नसलेल्या, इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नव्हतं. निसर्गातल्या शोधात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो. पुढं जंगलात परत सोडता येणार नाहीत अशा गिधाडांना औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घालून हीच लक्षणं निर्माण करता आली. २००४ मध्ये हा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला, आणि त्याच वर्षी भारत आणि नेपाळमधल्या मृत गिधाडांतही हेच कारण असल्याचं दाखवलं गेलं.

मात्रेचं गणित

पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांतली निम्मी दगावतील असा डायक्लोफेनॅकचा डोस शरीराच्या दर किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम निघाला. पाच किलोच्या पक्ष्याला एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. माणूस जी ५० मिलिग्रॅमची साधी गोळी घेतो, तिच्यात असे किमान पन्नास डोस भरतात. उलट अमेरिकेत आढळणाऱ्या टर्की गिधाडांना शंभरपट डोस देऊनही काही झालं नाही. दिसायला आणि वागायला सारखी असली तरी ती वेगळ्या वंशाची आहेत. एका पक्ष्यावर औषध तपासून दुसरा सुरक्षित आहे असं धरता येत नाही, हे यातून कळलं.

त्याहून महत्त्वाचा हिशेब केंब्रिजच्या राइस ग्रीन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला. गिधाडांची संख्या ज्या वेगानं पडत होती तेवढी पडायला किती मृत जनावरांत हे औषध असावं लागेल? उत्तर आलं, एक टक्क्याहूनही कमी. दर १३० ते ७६० मृत जनावरांमागे एकात प्राणघातक मात्रा असली तरी पुरे. थव्यानं खाण्याची आणि वर्षाला एकच अंडं घालण्याची सवय इथं प्राणावर बेतते. प्रत्यक्षात भारतात मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने २००४-०५ मध्ये तपासले गेले, तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक सापडलं. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घट २००० नंतर वर्षाला सुमारे ४४ टक्के होती, ती कशामुळे, हे इथं उलगडतं.

औषध जनावराच्या शरीरात फार दिवस राहत नाही. काही दिवसांतच ते निघून जातं. धोका असतो तो इंजेक्शन दिल्यावर लगेच मरणाऱ्या जनावरापासून. पण इंजेक्शन तर बहुधा मरणपंथाला लागलेल्या जनावरालाच दिलं जातं. नऊशे नव्याण्णव जनावरांच्या बाबतीत औषध निरुपद्रवी होतं, हे खरंच आहे. हजाराव्यानं थवा संपवला.

माणसांपर्यंत पोचलेली किंमत

गिधाडं गेली पण मृत जनावरं तर तेवढीच होती. ती कुत्र्यांनी, उंदरांनी खाल्ली किंवा तशीच सडली. कुत्रे गिधाडांच्या वेगानं मांस संपवत नाहीत, ते रोगजंतूही मारत नाहीत, आणि रेबीज वाहून नेतात. २००८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अंदाजानुसार, १९९२ ते २००६ या काळात भारतात गिधाडांच्या अभावामुळे निदान ५५ लाख कुत्रे वाढले आणि त्यामुळे रेबीजचे सुमारे ४७ ते ४८ हजार जादा मृत्यू झाले.

२०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा शोधनिबंध आला आणि त्यानं हा प्रश्न आणखी मोठा असल्याचं दाखवलं. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी गिधाडांना अनुकूल असलेले जिल्हे आणि तितके अनुकूल नसलेले जिल्हे अशी त्यांनी विभागणी केली. डायक्लोफेनॅक पशुवैद्यकीत येण्याआधी दोन्हींकडचे मृत्युदर एकाच तालावर चालत होते. औषध स्वस्त होऊन गिधाडं कोसळली, त्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतला मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वर गेला. २००० ते २००५ या काळात यातून सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. परिणाम सर्वांत जास्त दिसला तो पाळीव जनावरं भरपूर असलेल्या शहरी भागांत, जिथं मृत जनावरं पुरायला किंवा जाळायला जागा आणि सोय नव्हती. रेबीजच्या लशींची विक्री वाढली आणि पाण्यातलं विष्ठाजन्य प्रदूषणही वाढलं.

हे आकडे सांख्यिकीय अंदाज आहेत, प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर ‘गिधाड नाही म्हणून’ असं लिहिलेलं नसतं. तरीही दिशा आणि आकारमान मला पटतात, कारण साखळीतला प्रत्येक दुवा वेगळ्या पुराव्यानं सिद्ध आहे.

मुंबईतल्या पारशी समाजाला ही हानी वेगळ्या रूपात भोगावी लागली. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शतकानुशतकांची रीत गिधाडांअभावी अडली. सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवून पर्याय काढावा लागला. तिथं पिंजऱ्यात गिधाडं पाळण्याची कल्पनाही पुढं आली होती, पण तीही डायक्लोफेनॅकपाशीच अडते, कारण अनेक माणसंही शेवटच्या आजारात हेच औषध घेतात.

बंदी, आणि बंदीतली भोकं

२००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर पावलं उचलली. बांगलादेशानं २०१० मध्ये. हे सोपं झालं ते एका कारणानं. पर्याय तयार होता. मेलॉक्सिकॅम हे तितकंच उपयोगी वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं २००६ मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं. शेतकऱ्याला ‘हे देऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही, ‘हे द्या’ असंही सांगता यावं लागतं.

तरी पुढची काही वर्षं दिलासादायक नव्हती. २००७-०८ च्या तपासणीत औषध असलेल्या मृत जनावरांचं प्रमाण साडेसहा टक्क्यांपर्यंत उतरलं होतं, पण ग्रीन यांचा हिशेब आठवा, गिधाडांना एक टक्काही जास्त होता. गळती कुठून होत होती? माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्यांत मिळत होतं. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरतं. मोठी कुपी म्हैस-बैलाला मात्र अगदी नेमकी बसते. २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच डोसच्या कुपीत मर्यादित केलं गेलं. औषध उद्योगातून त्याला न्यायालयात आव्हान मिळालं आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं निर्बंध कायम ठेवले. कुपीच्या आकाराचा हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार वाटतो. कुणाच्या मागे पोलीस न लावता त्यानं गैरवापर महाग आणि कटकटीचा केला.

दुसरं भोक जास्त खोल होतं. डायक्लोफेनॅक गेल्यावर त्याच कुळातली इतर औषधं पुढं आली. एसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं; म्हणजे बंदी घातलेलं औषध दुसऱ्या दारानं आत येत होतं. कीटोप्रोफेनही गिधाडांना घातक आहे. बांगलादेशानं त्यावर २०२१ मध्ये बंदी घातली, भारतानं कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक दोन्हींवर २०२३ मध्ये. त्यानंतर प्राण्यांसाठी निमेसुलाइडलाही बंदी झाली.

प्रत्येक वेळी क्रम तोच राहिला. आधी औषध बाजारात आलं, मग गिधाडं मेली, मग संशोधकांनी वर्षानुवर्षं पुरावे गोळा केले, आणि शेवटी बंदी आली. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा हवा. जनावरांच्या वेदनाशामकाला परवाना देण्याआधीच ते गिधाडांना सुरक्षित आहे का, हे तपासायला हवं, आणि ती जबाबदारी औषध विकणाऱ्यावर असायला हवी. केंद्र सरकारच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यात विषारी ठरलेलं औषध पशुवैद्यकीय वापरातून काढण्याची व्यवस्था उभारण्याचा मुद्दा आहे. नवं औषध गिधाडांना सुरक्षित ठरल्यावरच बाजारात आणण्याचं उद्दिष्टही त्यात आहे. स्पेननं तर भारतातला सगळा अनुभव समोर असताना २०१३ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकला मान्यता दिली, आणि काही वर्षांतच तिथल्या एका काळ्या गिधाडाचा मृत्यू या औषधानं झाल्याचं सिद्ध झालं.

आज काय स्थिती आहे

२०१५ च्या सर्वेक्षणावर आधारित अंदाजानुसार भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याची सुमारे ६,०००, लांब चोचीची १२,००० आणि बारीक चोचीची जेमतेम १,००० गिधाडं उरली होती. घसरण मंदावली, पण वाढ म्हणावी असं काही दिसत नाही. नेपाळमध्ये चित्र बरं आहे. तिथं डायक्लोफेनॅक बाजारातून जवळजवळ नाहीसं झालं, गावकऱ्यांनी म्हातारी जनावरं सांभाळून, ती नैसर्गिकरीत्या मेल्यावर गिधाडांना घालण्याची केंद्रं चालवली, आणि साधारण २०१३ पासून पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या सावरू लागली. औषध खरोखर निघालं की पक्षी परत येतो, याचा एवढा थेट पुरावा दुसरा नाही.

भारतात २००४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर इथं जटायू संवर्धन प्रजनन केंद्र उभं राहिलं. पुढं पश्चिम बंगाल, आसाम आणि मध्य प्रदेशातही केंद्रं झाली. बंदिस्त जागेत गिधाडं वाढवणं हे चिकाटीचं काम आहे. पहिलं अंडं काढून कृत्रिमरीत्या उबवलं तर मादी कधी कधी दुसरं घालते, एवढीच काय ती घाई करता येते. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून २० गिधाडं महाराष्ट्रात आणली गेली, लांब चोचीची पेंचला आणि पांढऱ्या पुठ्ठ्याची ताडोबाला. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर माग सांगणारं यंत्र बसवून त्यांना मोकळं सोडलं. त्यातली काही दगावली, तर ताडोबातलं एक उडत उडत तमिळनाडूपर्यंत गेलं.

आजवर गिधाड-सुरक्षित क्षेत्र ठरवताना घरट्यांच्या वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं जातं आणि तिथल्या औषधविक्रेत्यांवर, पशुवैद्यांवर लक्ष दिलं जातं. ते आवश्यकच आहे. पण चार-चार राज्यं ओलांडणाऱ्या पक्ष्याला एका वर्तुळात राखता येत नाही. त्याच्या वाटेवरच्या कोणत्याही गोठ्यातलं इंजेक्शन त्याच्यापर्यंत पोचू शकतं.

म्हणून गोठ्यातल्या माणसाला करता येण्यासारख्या दोन गोष्टी लिहितो. सूज, ताप किंवा वेदनेसाठी जनावराला इंजेक्शन द्यायची वेळ आली तर पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅमची चौकशी करावी. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं टोल्फेनॅमिक ॲसिडही आता उपलब्ध आहे. आणि दुसरं कोणतंही वेदनाशामक दिल्यानंतर आठवडाभरात जनावर मेलं, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावं.